कूलरचा खर्ज

वरोऱ्यातली मे महिन्याची दुपार. रस्ता ओस पडलाय, खिडकीत कूलर घरघरतोय. उठू नका. डोळे मिटा आणि ती घरघर ऐका. पाण्याच्या टपटपीखाली एक ठाम सूर आहे. सापडला की ओठ मिटून गुणगुणा. हाच आजचा षड्ज. व्होल्टेज पडलं की जरा उतरेल. तुम्हीही उतरा त्याच्याबरोबर.

या षड्जावर आता एक रेकॉर्ड ठेवू. १९८२, मुंबई. चरणजीत सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. बास गिटार हा त्यांचा हातखंडा. त्यांच्यापुढे रोलँडची तीन यंत्रं आहेत: सूर धरायला ज्युपिटर-८, ठेक्याला टीआर-८०८ आणि बासला टीबी-३०३. हे तिसरं यंत्र बास वाजवणाऱ्या माणसाशिवाय भागावं म्हणून निघालेलं. विकत घेतलं ते बास वाजवणाऱ्यानेच! जरा हसून घ्या. मननात हसायला मनाई नाही.

आता चरणजीतांच्या बोटांकडे लक्ष द्या. पट्ट्यांच्या वाद्याची जुनी अडचण अशी की सा आणि रे यांच्या मधली वाट त्यात नसते, आणि राग तर त्या वाटेवरच राहतो. पेटीवर याच कारणाने किती वाद झडले! सिंथेसायझरला मात्र एका सुरावरून दुसऱ्यावर घसरता येतं. त्या घसरणीतून त्यांनी मींड काढली. घरी सराव केला आणि स्टुडिओत दोन दिवसांत डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग उरकले. भैरवी, ललत, मालकंस, आणि अशा कलत्या दुपारची मधुवंती. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली. ती खपली नाही. मला वाटतं, रागवाल्यांना त्यात डिस्को दिसला आणि डिस्कोवाल्यांना राग.

आता दहा श्वास घ्या, सावकाश. एक श्वास म्हणजे दोन वर्षं. पहिला सोडता सोडता टीबी-३०३चं उत्पादन बंद पडतं. तिसऱ्यात, १९८७ साली, शिकागोत फ्यूचर नावाची मंडळी तेच यंत्र पिळून ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढतात आणि त्याला ॲसिड हाऊस असं नाव पडतं. पाचव्यात ‘लव्हलेस’ हा अल्बम येतो, शूगेझवाल्यांचा. पायाशी ठेवलेल्या पेडलांवर नजर लावून वाजवणारे ते लोक. गिटारींचा असाच मोठा कूलर चालवतात. तो पुरा व्हायला दोनेक वर्षं लागली. आपल्या रेकॉर्डचे दोन दिवस मात्र अजून कुठल्याशा फळीवर पडून आहेत.

सहावा. सातवा. इथे काहीच घडत नाही. घाई करू नका.

दहाव्या श्वासाला एदो बाउमन हा डच संग्राहक दिल्लीतल्या एका दुकानात चरणजीतांची ती रेकॉर्ड उचलतो. २०१० मध्ये ती पुन्हा निघते, आणि ऐकणाऱ्यांना ही कुणाची तरी थट्टा वाटते: १९८२ साली, मुंबईत, हे ॲसिड हाऊस? म्हातारे चरणजीत पुढे युरोपात जाऊन हेच राग वाजवून आले. २०१५ मध्ये मुंबईत ते गेले.

षड्ज अजून धरलाय ना? लाइट गेली तर कूलर थांबेल. तुम्ही थांबू नका. लाइट आल्यावर दोघांचा सूर जुळतो का, बघा.