कानाशी लागलेला साक्षीदार

गाणे घरी बसून ऐकावयाचे, आणि तेही मुख्यत्वे कंठसंगीत ऐकावयाचे, तर हेडफोन कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदाराला विचारण्याचा आहे. किंमत किती, टिकतो किती, कानाला जड होतो की नाही, एवढी चौकशी केली म्हणजे तो संपावा. परंतु त्याच्या पोटात आणखी दोन प्रश्न दडलेले आहेत, आणि ते दुकानदाराच्या कक्षेतले नाहीत. आपल्याला गवयाचा खरा आवाज हवा आहे, की आपल्याला आवडेल असा आवाज हवा आहे? आणि जे गाणे आजवर माजघरापासून ओसरीपर्यंत सर्वांच्या कानी पडत आले, ते एकट्याच्या कानात कोंडून घेण्याचा अधिकार गृहस्थाला कितपत पोहोचतो?

आमच्या व्यवसायात ऐकीव पुराव्याला फारसा थारा नाही. ज्याने प्रत्यक्ष ऐकले त्यानेच न्यायासनासमोर येऊन सांगितले पाहिजे, हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. गाण्याच्या बाबतीत मात्र आपण सारे ऐकीव पुराव्यावरच जगतो. गवयाचे गाणे प्रथम मायक्रोफोनने ऐकले. त्याचे ऐकून तबकडीने किंवा संगणकाने टिपून घेतले. आणि त्या टिपणावरून हेडफोन आपल्याला सांगतो की, असे असे गायिले गेले. साखळीतला हा शेवटचा साक्षीदार. तो अक्षरशः कानाशी लागलेला असतो, आणि कानाशी लागणाऱ्यापासून सावध राहावे हे आपल्या भाषेने आपल्याला केव्हाच सांगून ठेवले आहे.

हा साक्षीदार खोटे कसे बोलतो, ते पाहण्यासारखे आहे. गाणाऱ्या मनुष्याच्या आवाजाचे मूळ स्वर साधारणतः ८० पासून १००० हर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात असतात. परंतु हा आवाज अमक्याचाच, ही ओळख पटते ती त्या स्वरांवर उमटणाऱ्या वरच्या स्वरांशांमुळे. व्यंजनांची स्पष्टता २००० ते ४००० च्या आसपास असते. आणि ‘स’, ‘श’ यांची शीळ ५००० च्या पुढे जाते. बाजारात जे हेडफोन धडाक्याने खपतात, त्यांपैकी पुष्कळांत खर्ज फुगविलेला असतो. नाचाच्या गाण्याला तो शोभत असेल. परंतु तबल्याचा डग्गा त्यामुळे गवयाच्या अंगावर येतो आणि मंद्रातील नाजूक काम त्याखाली झाकले जाते. दुसरे काही टीप इतकी चढवितात की, प्रत्येक ‘स’ सापासारखा फुत्कारतो. दोघेही मुख्य साक्ष बदलीत नाहीत, पदरचे थोडे मिसळतात एवढेच. उलटतपासणीत पकडावयास सर्वांत कठीण साक्षीदार असतो तो असाच.

मग पदरचे काहीच न मिसळणारा हेडफोन घ्यावा, असे कोणी म्हणेल. येथे अडचण अशी आहे की, तसा हेडफोन असूच शकत नाही. समोर बसून गाणाऱ्याचा आवाज आपल्या डोक्यावरून, खांद्यांवरून आणि कानाच्या पाळीच्या वळणांवरून फिरत आत येतो, आणि कानाची नळी ३००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर स्वतःच उचलून धरते. हेडफोन ही सारी वाट चुकवून थेट कानाच्या दाराशी येऊन उभा राहतो. म्हणजे जे वाटेत घडावयाचे ते त्याला अंदाजाने भरून काढावेच लागते, आणि तो अंदाज किती बरोबर, यावर त्याची लायकी ठरते. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर पुष्कळ प्रयोग केले. कोणता हेडफोन कोणत्या कंपनीचा हे ऐकणाऱ्याला कळू न देता त्यांनी त्याची पसंती विचारली. बहुसंख्य लोकांनी, मग ते कान तयार झालेले असोत वा नसोत, चांगल्या खोलीत चांगला स्पीकर जसा वाजतो त्याच्या जवळपास जाणाऱ्या आवाजालाच कौल दिला. मला हे फार उद्बोधक वाटते. कठोपनिषदाने श्रेय आणि प्रेय या दोन वाटा वेगळ्या सांगितल्या. आणि त्या वेगळ्या आहेतच. परंतु नाव, किंमत आणि जाहिरात यांचा पडदा दूर केला, तर निदान कानाच्या बाबतीत सामान्य मनुष्याचे प्रेय श्रेयापासून आपण समजतो तितके दूर नसते.

जुन्या गाण्याच्या बाबतीत मात्र प्रश्न अधिक अवघड होतो. १९२५ च्या सुमारास विजेच्या साह्याने ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी गवयाला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे, आणि त्या कर्ण्याला २००० ते २५०० हर्ट्झच्या वरचे फारसे काही पकडता येत नसे. जे टिपलेच गेले नाही ते लाख रुपयांचा हेडफोनही आणून देणार नाही. तो फक्त तबकडीवरची खरखर अधिक ठळक करील. तीन-साडेतीन मिनिटांच्या बाजूत ख्याल कोंबावयाचा, ही शिक्षा वेगळीच. अल्लादिया खाँसाहेबांनी तर आपला आवाज तबकडीवर ठेवलाच नाही. त्यांचे गाणे आपल्यापर्यंत आले ते शिष्यांच्या गळ्यातून. आणि त्यांतल्या दोघी, केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, आपल्या गोमंतकाच्या. कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे जुने गावकरी आजही तेथे येऊन आपल्या देवळापाशी उभे राहतात. मोगूबाईंची जुनी मुद्रणे ऐकताना मला पुष्कळदा त्या गावाची आठवण होते. पाण्याखाली, खरखरीखाली, काहीतरी आहे हे ठाऊक असते. ते ओळखून काढण्याचे काम यंत्राचे नसून ऐकणाऱ्याचे असते. म्हणून ज्यांचा संग्रह मुख्यतः जुन्या गाण्याचा आहे, त्यांनी अतिशय तीक्ष्ण हेडफोनाच्या नादी लागू नये.

निवड कशी करावी, याविषयी थोडक्यात सांगतो. ज्या गवयाला आपण बैठकीत समोर बसून ऐकले आहे, त्याचेच मुद्रण बरोबर न्यावे. जो आवाज आपण कधी प्रत्यक्ष ऐकलाच नाही, त्याच्या खरेपणाविषयी आपण साक्ष कशी देणार? दोन हेडफोन ताडून पाहताना दोहोंचा आवाज सारखा ठेवावा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच अधिक चांगला असे मनाला वाटते. दुकानात पुष्कळांची फसगत होते ती येथेच. तानपुरा गवयाच्या मागे, पण अखंड ऐकू आला पाहिजे. फोनमधील खर्ज वाढविण्याच्या कळा बंद ठेवाव्यात. १९९७ साली निघालेला सेनहायझर कंपनीचा ‘एचडी ६००’ कंठसंगीतासाठी इतकी वर्षे नावाजला गेला तो मधल्या पट्ट्याच्या प्रामाणिकपणामुळे. पण तो ३०० ओहमचा असल्याने साध्या फोनवर त्याचा जीव गुदमरतो, त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. घराच्या ऐपतीप्रमाणे त्याहून हलका घ्यावा. नाव महत्त्वाचे नाही, गुण महत्त्वाचा.

आता दुसरा प्रश्न. हेडफोनाच्या जन्मात संगीत नव्हते. १९१० साली अमेरिकेतील नॅथॅनियल बाल्डविन यांनी आपल्या स्वयंपाकघरात जुळविलेले हेडफोन तेथील आरमाराने घेतले, ते तारायंत्राच्या कामासाठी. एकट्याने गाण्याचा आस्वाद घेण्याचे साधन म्हणून जॉन कॉस यांनी तो बाजारात आणला १९५८ साली. म्हणजे ज्या संगीताला शतकानुशतके समोर बसलेल्या माणसांची मान डोलताना पाहण्याची सवय, त्याला हे एकांताचे घर मिळून अजून शंभर वर्षेही झाली नाहीत.

या एकांताची बाजू मांडणे कठीण नाही. शेजाऱ्याला नको असलेले गाणे त्याच्या घरात घुसविण्याचा अधिकार कोणालाही नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ध्वनिक्षेपक उघड्यावर लावण्यास बंदी करतात. जत्रेच्या दिवसांत आपण आपल्याच देवळांच्या आवारात या नियमाचे काय करतो, हे मी येथे लिहीत नाही. वाचकांना ते ठाऊक आहे. नवविधा भक्तीत श्रवण ही पहिली पायरी खरी, पण ती ज्याची त्याने चढावयाची असते. कर्णा बांधून दुसऱ्याला तिच्यावर ढकलता येत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. आपल्या घरांतून संगीत पुढच्या पिढीकडे गेले ते शिकवून कमी आणि कानावर पडून जास्त. दिवेलागणीला आजोबा रेडिओ लावीत. मूल कोपऱ्यात गणिते सोडवीत असे. त्याला कोणी ऐक म्हणत नसे. आणि वीस वर्षांनी तेच मूल यमन ओळखीत असे. मराठीतले ‘ऐकणे’ आणि कोंकणीतले ‘आयकप’, दोहोंतही वडिलांचे मानणे हा अर्थ सामावलेला आहे. आता तेच आजोबा हेडफोन लावून बसतात आणि नातवाला दिसतात ते फक्त डोळे मिटलेले आणि मांडीवर ताल धरणारी बोटे. वारसा कोणी नाकारलेला नाही, मृत्युपत्रही बदललेले नाही. फक्त वारसाला नोटीसच पोहोचत नाही.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. बैठकीत गवई दहा-बारा हात दूर असतो. त्या अंतरात एक मर्यादा आहे. सभामंडपात उभे राहून आपण दर्शन घेतो, गाभाऱ्यात शिरत नाही. हेडफोन आपल्याला थेट गाभाऱ्यात नेऊन उभा करतो: गवयाचा श्वास, ओठ मिटल्याचा आवाज, सारे आपल्या मस्तकाच्या मधोमध. हे जवळिकीचे दान म्हणावे की अतिक्रमण? माझे मन बराच काळ अतिक्रमणाकडे झुकत असे. परंतु बेळगावजवळ सुळेभावीस जन्मलेल्या आणि देवासला स्थायिक झालेल्या कुमार गंधर्वांकडे पाहावे. क्षयाने त्यांचे गाणे काही वर्षे बंद पाडले आणि फुप्फुसाची शक्ती हिरावून नेली. त्यानंतरच्या त्यांच्या गायकीत लहान लहान तुकडे आणि त्यांच्यामधला श्वास हा गाण्याचाच भाग झाला. तो श्वास दूरच्या खुर्चीवरून ऐकू येत नाही. तेथे कान जवळ नेणे हा अविनय ठरत नाही, असे मला वाटते; मात्र दाद देण्यासाठी उचललेला हात कोणालाच दिसत नाही, ही उणीव राहतेच.

आमच्या भजनी मंडळातील एक वडीलधारे गृहस्थ मध्यंतरी याच खरेदीसाठी सल्ला मागावयास आले होते. पत्नीची झोप हलकी, ऐकण्याची वेळ रात्रीची, घरात शाळकरी नातू. “वकीलबाब, बंद पाठीचा घेऊ की उघड्या पाठीचा?” असे त्यांनी विचारले. उघड्या पाठीच्या हेडफोनात आवाज वाटीत कोंडत नाही, त्यामुळे कंठ अधिक मोकळा लागतो. आणि त्यातून घरातली हाकही ऐकू येते. गृहस्थाश्रमी माणसाने शक्य तोवर तोच घ्यावा, असे माझे मत आहे. परंतु त्यातून आवाज बाहेरही झिरपतो, आणि शेजारच्या खाटेवर कोणी झोपलेले असेल तर तिच्या झोपेचा हक्क आपल्या गांधारापेक्षा मोठा. त्यांना मी बंद पाठीचा, पण खर्ज न फुगविणारा घ्यावयास सांगितले. आवाज बेताचा ठेवा, असेही बजावले; जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबलपर्यंतचे श्रवण आठवड्यास ४० तास इतकेच सुरक्षित मानले आहे, आणि त्यावर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. राहिला नातू. त्याच्यासाठी त्यांनी ठरविलेल्या रकमेतून निम्मी रक्कम बाजूला काढली आणि माजघरात एक साधा स्पीकर आणून ठेवला. दिवेलागणीनंतर त्यावर भजन लावावे की ख्याल, यावरून आता त्यांच्या घरात वाद चालू आहे.