अनुभव आणि टी.सी.

अनुभव ही वस्तू मोठी चमत्कारिक आहे. ज्याच्याजवळ ती असते तो दिसेल त्याला ती फुकट वाटत सुटतो, आणि ज्याला तिची गरज असते तो ती फुकटसुद्धा घेत नाही. आमच्या गडचिरोलीत पाच निवृत्त माणसं पानठेल्यावर जमली, की दीडशे-दोनशे वर्षांचा अनुभव नुसता खोळंबून उभा असतो. पण समोरून जाणारा एकही पोरगा "काका, पावशेर द्या बरं" म्हणून थांबत नाही. अशा परिस्थितीत वीस वर्षांच्या पोराला कुणी 'अनुभवी' म्हटलं, की आमच्यासारख्यांना ते जरा लागतंच.

असं म्हणतात ते बास्केटबॉलच्या मैदानावर. हा खेळ जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने १८९१ च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी काढला. थंडीने कोंडलेल्या पोरांना काहीतरी उद्योग हवा म्हणून त्याने व्यायामशाळेच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. आता एका बाजूला पाच जण खेळतात. त्यांतला एक पॉइंट गार्ड. हा बहुधा संघातला सगळ्यांत बुटका. चेंडू पुढे न्यायचा, तो कुणाला द्यायचा हे ठरवायचं, आणि टोपलीत टाकणाऱ्याला टाळ्या पडत असताना आपण मुकाट्याने मागे धावत यायचं, हे त्याचं काम. लग्नघरात असा एक मामा असतोच. पंगती तो बसवतो, वाजंत्र्यांची घासाघीस तो करतो, रुसलेल्या व्याह्यांना तोच समजावतो. अल्बममध्ये मात्र त्याचा फोटो शोधून सापडत नाही.

नियम असा, की आठ सेकंदांत चेंडू मध्यरेषेपलीकडे गेला पाहिजे आणि चोवीस सेकंदांत तो टोपलीकडे फेकलाच पाहिजे. नवशिक्या पोराला हे चोवीस सेकंद म्हणजे घराला आग लागल्यासारखे वाटतात. अनुभवी पोरगा त्यांतले आठ-दहा सेकंद नुसता चेंडू आपटत उभा राहतो, जसा काही एस.टी.ची वाट बघतोय.

घराजवळच्या कॉलेजच्या मैदानावर असा एक पोरगा मी तीन वर्षं पाहिला. पहिल्या वर्षी चेंडू हातात आला, की हा मान खाली घालून जो सुटायचा तो टोपलीखालीच थांबायचा, कधीकधी चेंडू मागेच राहायचा. तिसऱ्या वर्षी तो चालायला लागला. भामरागडकडच्या उंच पोराला पास छातीशी लागतो, चामोर्शीचा पोरगा दोनदा चुकला की रुसतो म्हणून तिसरा चेंडू त्याला सोपा द्यायचा, आणि अमुक एक जण पहाटेच्या गाडीने उपाशीपोटी आलाय, त्याला उत्तरार्धात फार पळवायचं नाही, हे सगळं त्याला पाठ झालं होतं. हे कुठल्या पुस्तकात नाही. उंचीशी, वेगाशी त्याचा संबंध नाही. हे फक्त बरोबर राहून आणि बरोबर हरून कळतं.

आणि एवढं सगळं पिकून आलं, की परीक्षा होते, निकाल लागतो आणि कॉलेज त्याच्या हातात टी.सी. ठेवतं. आंबा पाडाला लागला की झाड तोडायचं, असा हा कारभार.

आम्हा गडचिरोलीकरांना हा कारभार नवा नाही. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून हा जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून आमच्याकडे साहेब येतात. "गडचिरोलीला पाठवीन!" ही उरलेल्या महाराष्ट्रात धमकी आहे, आमचा तो पत्ता आहे. नवा साहेब पहिलं वर्ष परत जाण्याच्या खटपटीत घालवतो. दुसऱ्या वर्षी त्याला आरमोरी आणि एटापल्ली यांतला फरक कळतो. तिसऱ्या वर्षी त्याला माडियातले चार शब्द येऊ लागतात, पर्लकोटेला पूर आला म्हणजे कुठल्या गावात धान्य आधी पोहोचायला हवं होतं हे कळतं, आणि बदलीचा हुकूम निघतो. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने नेमणुकीची सर्वसाधारण मुदत तीन वर्षांचीच धरली आहे. साहेबाची आणि पॉइंट गार्डची पदवी सारख्याच वर्षांची!

तात्पर्य, अनुभवी माणसाला हलवू नये, असं मी एके दिवशी मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या स्पोर्ट्सच्या सरांना ऐकवलं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आली होती. सरांनी शिट्टी तोंडातून काढली.

"काका, तिसऱ्या वर्षाच्याला खेळवलं तर या वर्षी जिंकतो. पण मग पहिल्या वर्षाचा तो पोट्टा शिकणार केव्हा? पुढल्या वर्षी कोण आहे माझ्याजवळ?"

मी म्हटलं, "सर, तीन वर्षं राबलेल्या पोराला शेवटच्या सामन्यात बाकावर बसवणं न्याय आहे का?"

"नाही. म्हणून तर झोप येत नाही."

आता यात खरं कोण? अनुभवी माणूस जितका वेळ मैदानावर राहतो, तितका वेळ तो दुसऱ्याच्या अनुभवातून कापून घेतो. सुनेला पुरणपोळी येत नाही अशी सासूची तक्रार असते, आणि पुरणयंत्राचा दांडा तीस वर्षं सासूच्याच मुठीत असतो. शिवाय अनुभवावाचून अगदीच अडतं असंही नाही. २०१२ साली अमेरिकेत कॉलेजांचं अजिंक्यपद केंटकी विद्यापीठाने मिळवलं, तेव्हा त्यांचा पॉइंट गार्ड पहिल्या वर्षाचा होता, आणि तोही लगेच व्यावसायिक खेळात निघून गेला. अंगात विलक्षण गुण असले, की दैव अनुभवाचा दाखला मागत नाही. पण तसे गुण किती जणांच्या अंगात असतात? उरलेल्यांना शिकावंच लागतं.

त्याच अमेरिकेतला २०१६ चा अंतिम सामना घ्या. व्हिलनोव्हा आणि नॉर्थ कॅरोलिना, ७४-७४ अशी बरोबरी, शिल्लक ४.७ सेकंद. व्हिलनोव्हाचा पॉइंट गार्ड रायन आर्चिडियाकोनो शेवटच्या वर्षाचा, म्हणजे टी.सी. जवळजवळ खिशात. चेंडू घेऊन तो स्वतः पुढे धावला. चार वर्षांची मेहनत, समोर टोपली, सगळा देश बघतोय. त्या वेळी माझ्यासारख्याने चेंडू दुसऱ्याला दिला असता का, देव जाणे. त्याने मागून येणाऱ्या क्रिस जेन्किन्सकडे चेंडू सोडला, त्याने तो टोपलीत टाकला आणि ७७-७४ असा सामना संपला. बास्केट जेन्किन्सच्या नावावर लागलं.

पण अनुभव म्हणजे चेंडू योग्य वेळी सोडता येणं, हे शिकायला इतकं लांब जायला नको. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत आले आणि राहिले. खेड्यांत जन्मलेलं मूल महिन्याच्या आत दगावायचं. दवाखाना लांब, डॉक्टर त्याहून लांब. या डॉक्टरांनी आपली विद्या गावातल्या, जेमतेम शिकलेल्या बायकांच्या हाती दिली. ३९ गावांत या बायका घरोघर जाऊन तान्ह्या बाळांना सांभाळू लागल्या. नवजात बालकांचा मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी उतरला, हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. इथे पासाची किंमत गुणांत मोजायची नव्हती. बाळ रडतंय की गप्प झालंय, एवढाच तिथला निकाल.

सरांनी शेवटी दोघांनाही उतरवलं. चेंडू पहिल्या वर्षाच्याकडे आणि तिसऱ्या वर्षाचा त्याच्या शेजारून धावत, सतत बोलत. "थांब. बघ. आता नाही... आता!" टाळ्या नाहीतच, आता तर चेंडूही नाही. मध्यंतरात मी त्याला विचारलं, "वाईट नाही का रे वाटत?" तो म्हणाला, "वाटते न काका. पण मी सांगत नसलो त त्याले कोण सांगन?"

सामना तीन गुणांनी गेला. सरांना अनेकांनी अनुभव कसा वापरावा यावर भाषणं दिली. पोरगा टी.सी. घेऊन गेला; हल्ली रोज पहाटे पोलीस भरतीसाठी रस्त्याने धावताना दिसतो. त्याच्यावर न्याय झाला की अन्याय, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

मात्र परवा मैदानावरून येताना पाहिलं. तो पहिल्या वर्षाचा पोट्टा आता दुसऱ्या वर्षाला आहे. चेंडू घेऊन तो मध्यरेषेजवळ आला, उभा राहिला, आणि एका नवख्या, धापा टाकणाऱ्या पोरावर ओरडला, "थांब. बघ. आता नाही!"

तो अगदी एस.टी.ची वाट बघत असल्यासारखा उभा होता.