लिहिण्याचा हक्क व वाचण्याचें ऋण

ज्याच्यापाशीं कांहीं सांगण्यासारखें आहे त्यानें तें लिहून चारचौघांपुढें मांडावें, कीं तें अधिकारी लेखकांचें काम समजून स्वस्थ बसावें, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाहीं. आज संपादकाची वाट न पाहतां हातांतील मोबाईलवर लिहिलेला मजकूर क्षणांत दूरवर जातो. अशा वेळीं, सर्वच लिहूं लागले तर वाचावयाचें कोणीं, आणि त्यांत समाजाचें हित तें काय, असा आक्षेप सुशिक्षित मंडळी घेतात.

आमच्या औरंगपुऱ्यांत या आक्षेपाचा विचार करणें उचित होईल. पुस्तकांच्या दुकानांची ही पेठ. १९१५ सालीं स्थापन झालेली सरस्वती भुवन संस्थाही येथेंच. निजामी अमलांत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि सरकारास न रुचणारें मराठींत छापणें हें धाडसच होतें. आ. कृ. वाघमारे यांनीं १९३८ सालीं काढलेल्या 'मराठवाडा' पत्रावर बंदी आली, तेव्हां तें निराळीं नांवें धारण करून निघत राहिलें. परंतु १९४८ सालीं निजामी सत्ता गेली म्हणून सर्वांचीच वाणी मोकळी झाली असें मात्र नाहीं. समाजाचा एक मोठा भाग त्यानंतरही मराठी वाङ्मयांत बहुधा दुसऱ्यांच्याच लेखणींतून दिसत होता.

ती उणीव भरून काढण्याचें मोठें कार्य याच शहरीं घडलें. नागसेनवनांत डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं महाविद्यालय काढलें. तेंच आजचें मिलिंद महाविद्यालय. शिकलेल्या नव्या पिढीस आपल्याविषयीं आपणच लिहावयाचें होतें, आणि १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'नें त्या लिखाणास हक्काची जागा दिली. लिहिणारे अनेकजण अप्रसिद्ध होते. त्यांची भाषा पांढरपेशा वाचकास परिचयाची नव्हती. तरीही त्यापासून दुहेरी लाभ झाला. जो अपमान एकेकानें आपलें दैव म्हणून गिळला होता, तो अनेकांचा आहे हें कळून दुःखितांस बळ आलें. आणि शेजारीं राहूनही ज्यांस त्याची वार्ता नव्हती, त्यांस ती कळली. वाङ्मयीन गुणांचा विचार मागाहून करतां येतो. समाजास स्वतःची ओळख पटणें हा लाभ त्याआधींचा आहे.

परंतु 'अस्मितादर्श'नें लेखक-वाचक मेळावेही भरविले, ही गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. तेथें लिहिणाऱ्यास वाचकाच्या समोर बसून त्याचें ऐकावें लागे. आजच्या सुलभ लेखनांत नेमकें हेंच हरवत चाललें आहे. लेखक उदंड झाले. मात्र जो तो आपल्याच मताचें प्रतिबिंब शोधतो, आणि न रुचणारें दोन ओळींतच टाकून देतो.

तेव्हां सर्वांनीं लिहावें, हें आम्हांस मान्य आहे. मात्र माझें ऐका असें म्हणण्याचा हक्क जो सांगतो, त्याच्यावर दुसऱ्याचें शेवटपर्यंत वाचण्याचें ऋण आपोआप चढतें. तें फेडण्याची तयारी नसेल, तर हजार लेखण्या चालूनही समाज मुकाच राहील.