आतल्याचा हक्क

एखाद्या शहरातले सर्कल काढून टाकायचे ठरले की त्याआधी चर्चेचा एक ठरावीक कार्यक्रम पार पडतो. अभियंते वाहने वाढल्याचे सांगतात, नगरसेवक सिग्नल मागतात, कोणीतरी उड्डाणपुलाचा प्रस्ताव पुढे करतो. शेवटी सगळ्यांचे एकमत होते ते एकाच विधानावर: सर्कल ही परदेशातली सोय आहे, आपल्या लोकांना शिस्त नाही, त्यामुळे इथे ती चालणार नाही. हे विधान इतक्या जाणत्या माणसांच्या तोंडी असते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही. मला ते चुकीचे वाटते आणि घातकही वाटते, कारण रस्ता आखणाऱ्याची जबाबदारी ते वाहन चालवणाऱ्याच्या स्वभावावर ढकलून मोकळे होते.

सर्कलविरुद्धचे इतर आक्षेप मी फार वेळ धरून बसणार नाही. सर्कल जागा खाते, हे खरे. सिग्नलपाशी अर्धा फर्लांग तुंबलेली रांगही जागाच खाते. पादचाऱ्यांचे हाल होतात, हेही खरे, पण सिग्नलच्या चौकात ते सुखाने रस्ता ओलांडतात असे म्हणायला मी तरी धजणार नाही. क्षमतेचा आक्षेप तेवढा वजनदार आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1976 च्या संहितेनेच सर्व बाजू मिळून ताशी सुमारे 3000 वाहनांची मर्यादा सांगितली होती. त्याहून फार मोठा ओघ असेल तर सर्कलचा हट्ट धरू नये. उरतो तो शिस्तीचा मुद्दा, आणि तो खोडून काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

ज्यांच्या शिस्तीचे दाखले आपण देतो त्या इंग्रजांचीच सर्कल्स एकेकाळी गच्च अडकत असत. आत फिरणाऱ्याला आणि बाहेरून शिरणाऱ्याला पुढे जाण्याचा सारखाच अधिकार, अशी तिथली स्थिती होती. वाहने वाढली तसे शिरणारे आतल्यांना अडवू लागले, आतले बाहेर पडू शकेनात, आणि सगळे चक्र जागच्या जागी थिजू लागले. नोव्हेंबर 1966 मध्ये ब्रिटनने नियम केला: शिरणाऱ्याने उजवीकडून येणाऱ्याला, म्हणजे आधीच आत असलेल्याला, वाट द्यायची. लोक तेच होते, गाड्या त्याच होत्या, पण कोंडी सुटू लागली. पुढे फ्रँक ब्लॅकमोर या अभियंत्याने मधले बेट लहान करत नेले आणि 1972 साली स्विंडनला पाच छोटी सर्कल्स एका मोठ्या वर्तुळात गुंफून दाखवली. तो चौक आजही चालू आहे. फ्रान्सने हाच नियम 1980च्या दशकात स्वीकारला आणि त्यानंतर तिथे सर्कल्स हजारोंनी वाढली. पॅरिसच्या विजयकमानीभोवती मात्र जुनी रीत टिकून आहे. तिथे शिरणाऱ्याला मान आहे आणि फिरणाऱ्याने थांबायचे असते. त्या एका चौकाची धास्ती फ्रेंच चालकही घेतात. एकाच देशातली, एकाच स्वभावाची माणसे दोन चौकांत दोन तऱ्हांनी वागत असतील, तर फरक स्वभावात शोधण्यात काय अर्थ?

आता आपल्याकडे पाहा. चौकात शिरणाऱ्याने, समोर मुख्य रस्ता नसेल तर, उजवीकडून येणाऱ्यांना वाट द्यावी, असे केंद्राच्या 1989 च्या रस्ता-नियमांत स्वच्छ लिहिलेले होते. आपण डावीकडून चालतो आणि सर्कलभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, म्हणजे उजवीकडून येणारा तो आतलाच. नियम कागदावर होता. रस्त्यावर त्याची खूण कुठे आहे? तालुक्याच्या गावातले कोणतेही सर्कल संध्याकाळी नीट बघावे. मधोमध पुतळा किंवा कारंजे, भोवती उंच कठडा, कठड्याला वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स. उजवीकडून काय येते आहे ते शिरणाऱ्याला दिसूच शकत नाही. तोंडाशी रिक्षाथांबा, त्याला लागून वडापावची गाडी. शिरायचा रस्ता सरळ आणि रुंद, त्यामुळे वेग कमी करावा असे काहीच वाटेत येत नाही. वास्तविक प्रवेशाला वळण देऊन वेग तोडणे हा सर्कलच्या रचनेचा प्राण आहे. वाट देण्याची तुटक पांढरी रेघ नाही, उलटा त्रिकोण असलेली पाटी नाही. अशात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर वळू लागतो. मागची ट्रॉली बेटाच्या कडेला घासत आत ओढली जाते, आणि पुढचे चाक व ट्रॉली यांच्यामधून दोन दुचाक्या कट मारून निघतात. ज्याला उजवीकडे जायचे तो पूर्ण वळसा घालायचे सोडून बेटाच्या उलट्या अंगाने घुसतो. या दृश्याला आपण बेशिस्त म्हणतो आणि सर्कल पाडतो.

रिक्षावाल्यांशी, एसटीच्या चालकांशी यावर बोलावे. वाट द्यायला त्यांची ना नसते. आपण थांबलो तर मागचा हॉर्न वाजवतो, बाजूचा पुढे घुसतो आणि मग आपल्याला कोणी सोडत नाही, ही त्यांची तक्रार असते. दुसरी तक्रार इंडिकेटरची. आतला बाहेर पडणार की पुढे फिरणार हे कळत नसेल तर बाहेरच्याने किती वेळ ताटकळत बसायचे? दोन्ही तक्रारी मला रास्त वाटतात. दोन्हींच्या मुळाशी खात्रीचा अभाव आहे: आज मी दिलेली वाट उद्या मला मिळेल याची खात्री.

इथे मला एक भेद करावासा वाटतो आणि माझा सगळा भर त्यावरच आहे. हुकूम पाळणे वेगळे आणि दुसऱ्याचा हक्क ओळखणे वेगळे. लाल दिव्यापाशी आपण खांबाचा हुकूम पाळतो. समोरून कोण येते आहे, कोणी येते आहे की नाही, याच्याशी आपला संबंध नसतो. म्हणूनच रात्री रस्ता मोकळा दिसला की तो हुकूम सहज मोडला जातो. सर्कलवर हुकूम देणारा कोणी नसतो. समोरचा आत आहे एवढ्यावरूनच त्याचा हक्क ठरतो, आणि मी आत गेलो की तोच हक्क माझा होतो. आपली रस्त्यावरची सगळी शिकवण पहिल्या प्रकारची आहे, आणि दुसऱ्या प्रकारात आपण नापास झालो की तिलाच शिस्तीचे नाव देऊन आपण लोकांना दोष देतो.

हा दुसरा प्रकार आपल्याला परका आहे असेही नाही. मुंबईच्या लोकलच्या दारात आतल्यांना आधी उतरू द्यायचे हे पोलीस सांगत नाही, फलाटावरची माणसेच सांगतात, आणि कोणी आडवा आला तर ओरडून सांगतात. गर्दीत तो नियम मोडतोही, पण तो कोणाचा हक्क आहे याबद्दल दारात कोणाचे दुमत नसते.

चौकातला हवालदार मात्र नकळत उलटेच शिकवतो. बाहेरची रांग लांबलेली त्याला दिसते, म्हणून तो शिट्टी वाजवून आत फिरणाऱ्यांना थांबवतो आणि बाहेरच्यांना आत सोडतो. दोन मिनिटांत वर्तुळ भरते, बाहेर पडणाऱ्याच्या वाटा बंद होतात, आणि चारही रस्ते एकदम तुंबतात. त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला तसे करू नको, तोंडाशी उभा राहा आणि शिरणाऱ्यालाच थोपव, असे सांगणारे कोणी भेटलेलेच नसते.

अमेरिकेत 24 चौकांचे सर्कलमध्ये रूपांतर केल्यावर काय झाले याचा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. इजा होणारे अपघात सुमारे तीन-चतुर्थांशांनी घटले होते. कारण गूढ नाही. साध्या चौरस्त्यावर गाड्यांचे मार्ग 32 ठिकाणी एकमेकांना छेदतात किंवा मिळतात, एकेरी मार्गिकेच्या सर्कलवर 8 ठिकाणी, आणि समोरासमोर आदळायला जागाच उरत नाही. सर्कल पाडताना आपण हे सगळे पाडत असतो.

म्हणून कोणत्याही सर्कलवर हातोडा पडण्याआधी महापालिकेने सहा महिने एवढेच करून पाहावे: फ्लेक्स उतरवावेत, रिक्षाथांबा आणि गाड्या तोंडापासून हलवाव्यात, तुटक रेघ आखून त्रिकोणाची पाटी लावावी, प्रवेशाला वळण द्यावे, हवालदाराला शिरणाऱ्यांना थोपवायला सांगावे, आणि आतल्याला आडवे जाणाऱ्याकडून त्याच जागी दंड घ्यावा. त्यानंतर वाहने मोजावीत. ताशी 3000 च्या फार वर आकडा गेला आणि कोंडी तशीच राहिली, तर सिग्नल बसवायला माझी हरकत नाही.