कमी पडले त नर्सिंगले

बारावीचा निकाल लागला की दर्यापूर-अंजनगावपासून थेट तेल्हारा-बार्शीटाकळीपर्यंत एक वाक्य हमखास कानावर येतं : "पोरीले कमी पडले त टाका नर्सिंगले." बोलणारा मामा असतो, शेजारचे गुरुजी असतात, कधी बापच असतो. हेतू वाईट नसतो. पण त्या 'टाका'मध्ये पोरीचा अपमान होतो तो होतोच; उद्या जिच्या हातून सुई टोचून घ्यायची, तिच्याबद्दल आपण काय समजतो तेही कळतं.

याला उत्तर म्हणून मायाळू माणसं म्हणतात, "मार्कांत काय ठेवलंय? मनात सेवाभाव पाहिजे." मला हेही पटत नाही. ५०० मिलीची सलाईन चार तासांत द्यायची आहे, नळी एका मिलीला २० थेंबांची आहे, तर मिनिटाला किती थेंब? साधारण ४२. हा सातवी-आठवीतला गुणाकार-भागाकार आहे, आणि तिथं सेवाभाव कामाचा नाही. शाळेत हिशेब चुकला की दोन मार्क जातात. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात रात्री दोनला तोच हिशेब चुकला, तर ज्याचं जातं तो खाटेवर झोपलेला असतो.

मग कमी मार्कांच्या पोरीनं या वाटेला जाऊच नये का? जावं. जनरल नर्सिंगला बारावीत किमान ४० टक्के आणि इंग्रजी विषय मागतात. ४० टक्क्यांचा अर्थ एवढाच की परीक्षेच्या दिवसापर्यंत बरंच शिकायचं राहून गेलं. का राहिलं, याची कारणं वऱ्हाडात कोणाला सांगायला नकोत : सोंगणीच्या दिवसांत बुडालेली शाळा, वर्षभर न आलेले गणिताचे सर, धाकट्या भावंडांचा सांभाळ. पंधराव्या वर्षी राहिलेलं अठराव्या वर्षी शिकता येतं. मात्र ते शिकावं लागतं. कोणी सूट देऊन भागत नाही.

हे शक्य आहे याचा पुरावा विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. या बायकांचं शिक्षण पाचवी ते दहावी. त्या बाळाचं वजन करत, श्वास मोजत, जंतुदोषाची लक्षणं ओळखून गरज पडली तर इंजेक्शनही देत. १९९९च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले : तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. या बायका नर्स नव्हत्या, त्यांना मर्यादित कामं शिकवलेली होती, हे विसरू नये. पण ती शिकवणी होती कशी? पुनःपुन्हा सराव, पुनःपुन्हा तपासणी, आणि गावात येऊन वही पाहणारा पर्यवेक्षक.

त्याही आधी, आकडे फार पुढं मोजता न येणाऱ्या दायांसाठी बंग दांपत्यानं श्वास मोजायचं एक साधन केलं होतं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं, तर न्यूमोनियाचा संशय. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी मिनिटाला साठ श्वास ही धोक्याची रेघ. दाईला मोजता येत नाही म्हणून ती रेघ कोणी साठाची सत्तर केली नाही. रेघ तिथंच राहिली, शिकवण्याची तऱ्हा तेवढी बदलली.

आपल्या नर्सिंगच्या शाळांना मी याच मापानं मोजीन. काही जागी ४० टक्क्यांच्या पोरीला भरपूर फी घेऊन आत घेतात, वॉर्ड लांबून दाखवतात, आणि तीन वर्षांनी पुन्हा काठावर पास करून बाहेर सोडतात. भीती अशा संस्थेची वाटावी. आपण मात्र नाव ठेवतो पोरीला.

मेळघाटातल्या कोरकू पोरीचं तर वेगळंच आहे. इंग्रजीत तिला जेमतेम मार्क, म्हणून ती 'ढ'. पण धारणीच्या रुग्णालयात ताप आलेलं लेकरू घेऊन बसलेल्या आईला, हे कधीपासून, दूध पितं का, शी कशी होते, हे कोरकूत विचारून नीट उत्तर काढणं डिग्रीवाल्या डॉक्टरलाही जमेलच असं नाही. ही निव्वळ माया नव्हे, निदानाची पहिली पायरी आहे. गुणपत्रिकेत त्या पायरीसाठी रकाना नाही. म्हणून पोरीला औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचण्यातून सूट द्यायची असंही नाही. ते तिला यायलाच हवं, आणि ते शिकवणं पहिल्या वर्षाच्या बाईंचं काम आहे.

तेव्हा यंदा फॉर्म भरायला पोरीसोबत जाणाऱ्या बापानं फी विचारून झाली की आणखी थोडं विचारावं. पोरी कोणत्या रुग्णालयात शिकायला जातात? तिथं खाटा किती? रात्रपाळीत सोबत शिकवणारं कोण असतं? आणि इंग्रजी-गणित कच्चं असलेल्या पोरींसाठी वेगळा तास आहे का? समोरचा बाबू चिडला, तर दुसऱ्या शाळेचा फॉर्म घ्यावा.