साक्ष कुणाची मानायची?

१९२१ सालची मुंबई. मलबार हिलवरच्या एका बंगल्यात तीन विधवा पडदा पाळून राहतात. त्यांचा नवरा, गिरणीमालक उमर फरीद, नुकताच वारला आहे. तिघींनी आपला मेहर वक्फाला देऊन टाकायचं ठरवल्याचं पत्र वकिलाच्या कचेरीत येतं आणि त्यावरच्या सह्या संशयास्पद वाटतात. पुढे त्या घराचा कारभार पाहणाऱ्या माणसाचाच खून होतो. पोलीस दाराशी येतात, पण जनान्यात पाऊल टाकू शकत नाहीत. तिथे जाऊ शकते ती एकटी परवीन मिस्त्री. ऑक्सफर्डला कायदा शिकून आलेली, फोर्टातल्या वडिलांच्या कचेरीत काम करणारी पारशी तरुणी.

सुजाता मॅसी यांच्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) या कादंबरीची ही मांडणी. हा प्रकार रहस्यकथेच्या वाचकांच्या ओळखीचा आहे. खून होतो, पण रक्ताची वर्णनं नसतात. संशयित मोजके आणि एकमेकांना ओळखणारे असतात. तपास करणारी बाई पोलीस खात्यातली नसते. शेवटी खरं काय ते बाहेर येतं. दुपारी निवांत वाचायची पुस्तकं म्हणून या प्रकाराकडे पाहिलं जातं. मात्र त्याच्या गाभ्यात एक प्रश्न आहे आणि त्यावर धर्मशास्त्रांनी आणि दर्शनांनी शतकानुशतकं वाद घातला आहे. कुणाचा शब्द प्रमाण मानायचा? आणि बोलणारी बाई असेल तर?

परवीन काल्पनिक असली तरी तिच्या मागे दोन खऱ्या स्त्रिया उभ्या आहेत. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ साली नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. १८९२ साली त्यांनी ऑक्सफर्डची दिवाणी कायद्याची परीक्षा दिली. तोवर एकाही बाईने ती दिली नव्हती. पण पदवी मिळाली नाही आणि वकिलीही करता येईना. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सने त्यांना नेमलं ते पडदानशीन जमीनदारणींच्या कामासाठी, कारण त्या बायकांपर्यंत पुरुष वकील पोचूच शकत नव्हता. दुसऱ्या मिठन टाटा, लग्नानंतरच्या मिठन लाम. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री बॅरिस्टर. हिंदुस्थानात बायकांना वकिलीची वाट कायद्याने मोकळी झाली ती १९२३ साली. म्हणजे कादंबरीतल्या परवीनला खरं काय ते शोधता येतं, पण न्यायाधीशांसमोर उभं राहून मांडता येत नाही.

जाणणं आणि जाणलेलं मानलं जाणं, यांत किती अंतर असावं? भारतीय परंपरेने या प्रश्नाला दोन उत्तरं दिली आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदारांची चर्चा आहे. लोभ नसलेला एकटा पुरुषही साक्षीदार चालेल, पण बायका अनेक असल्या आणि शुद्ध आचरणाच्या असल्या तरी चालणार नाहीत, असं तिथे म्हटलं आहे. कारण काय, तर स्त्रीची बुद्धी स्थिर नसते. त्याच अध्यायात स्त्रियांच्या बाबतीत स्त्रियांनी साक्ष द्यावी, अशी सोयही आहे. घराच्या आत घडलेलं कोण सांगणार, हा व्यवहाराचा पेच स्मृतिकारांनाही टाळता आला नसावा.

दुसरं उत्तर न्यायदर्शनाचं. ज्ञानाची चार प्रमाणं न्यायाने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं वचन, विश्वास ठेवावा अशा माणसाचं सांगणं. पण आप्त कोण? न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन जी व्याख्या करतो तिच्यात जात नाही, आश्रम नाही, शिक्षण नाही. ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच ती सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखीच लागू आहे, असं तो स्पष्ट सांगतो. स्त्रियांचं नाव त्याने घेतलेलं नाही. पण म्लेच्छाला वगळत नाही अशी कसोटी एकदा मान्य केली, की घरातल्या बाईला वगळायला तर्काचा आधार उरत नाही.

आणि घरातली बाई या तर्कशास्त्रात वाटते त्याहून जवळ उभी आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे विस्तव आहे, हे अनुमानाचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते घोकलेलं असतं. पण नुसता हेतू सांगून भागत नाही, दृष्टांत द्यावा लागतो. जिथे धूर तिथे विस्तव, हे कुठे पाहिलंत? शास्त्रकार उत्तर देतात: स्वयंपाकघरात. हिंदुस्थानातलं सगळं अनुमानशास्त्र ज्या अनुभवावर उभं राहिलं, तो रोज पहाटे चूल पेटवणाऱ्या बायकांच्या डोळ्यांसमोरचा होता. त्या अनुभवाच्या मालकिणींना मात्र वादसभेत बसवलं गेलं नाही.

अगाथा ख्रिस्तीने १९२७ साली मिस मार्पलला पहिल्यांदा वाचकांसमोर आणलं, ते नेमकं याच जागेवरून. ‘द ट्यूजडे नाइट क्लब’ या कथेत मिस मार्पलच्या घरी मंडळी जमली आहेत. लेखक असलेला तिचा भाचा, एक चित्रकार तरुणी, एक पाद्री, एक वकील आणि स्कॉटलंड यार्डचे निवृत्त आयुक्त. न उलगडलेली प्रकरणं सांगायची आणि उत्तर शोधायचं, असा क्लब काढायचं ठरतं. माणसं मोजली जातात तेव्हा ज्या घरात सगळे बसलेत त्या घरच्या म्हातारीला मोजायचंच राहून जातं. तिला स्वतःची आठवण करून द्यावी लागते.

मग आयुक्त विषप्रयोगाचं एक प्रकरण सांगतात. नवऱ्याच्या टीपकागदावर बायकोच्या मरणाचा उल्लेख आणि पुढे ‘शेकडो आणि हजारो’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं उमटलेली सापडतात. सगळ्यांना ती पैशाची भाषा वाटते. केक आणि पुडिंगवर भुरभुरवायच्या रंगीत साखरेच्या दाण्यांना इंग्लंडमध्ये हेच नाव आहे, हे मिस मार्पलला माहीत आहे. त्या रात्रीच्या जेवणात ट्रायफल होतं आणि सोमल त्या दाण्यांत होता. आयुक्ताला, वकिलाला, पाद्र्याला जे उमगलं नाही ते उमगायला स्वयंपाकघराचा दृष्टांत हाताशी असावा लागला. मिस मार्पलची सगळी पद्धतच अशी आहे. हा माणूस गावातल्या अमक्यासारखा वागतो, तेव्हा इथेही तसंच काही असणार. न्यायाच्या परिभाषेत हेतू आणि उदाहरण दोन्ही तिच्यापाशी आहेत. बाकीचे त्याला गावगप्पा म्हणतात.

१९३० साली लंडनच्या रहस्यकथाकारांनी डिटेक्शन क्लब स्थापन केला. नव्या सभासदाला शपथ घ्यावी लागे. कथेतला शोधक आपल्या बुद्धीने गुन्हा उलगडेल, वर्ज्य मार्गांचा आधार घेणार नाही, असा तिचा आशय. त्या वर्ज्य मार्गांच्या यादीत ईश्वरी साक्षात्कार आहे, मंत्रतंत्र आहे, योगायोग आहे आणि ‘बायकांची अंतःप्रेरणा’ही आहे. पुराव्यावाचून उत्तर देऊ नये हे योग्यच. पण बाईने अचूक ओळखलं की त्याला अंतःप्रेरणा म्हणायचं आणि पुरुषाने ओळखलं की अनुमान, ही सवय त्या यादीत लपलेली आहे. ‘एपिस्टेमिक इनजस्टिस’ (२००७) या पुस्तकात मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी तिला अन्याय म्हटलं आहे. सांगणाऱ्याची ओळख पाहून त्याच्या सांगण्याचं वजन कमी करणं हा ज्ञाता म्हणून त्या माणसावर केलेला अन्याय आहे, असा त्यांचा सिद्धांत. त्यांनी दिलेलं एक उदाहरण ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’ या खुनाच्या कथेतलंच आहे. मार्जला खुनी कोण ते बरोबर कळलेलं असतं आणि मेलेल्या तरुणाचा बाप तिचं बोलणं बायकी अंतःप्रेरणा म्हणून बाजूला सारतो.

धर्मग्रंथांत हा प्रसंग फार जुना आहे. लूकच्या शुभवर्तमानात मग्दालिया मरिया आणि तिच्या सोबतच्या स्त्रिया येशूची कबर रिकामी असल्याचं शिष्यांना सांगतात, तेव्हा शिष्यांना ती वायफळ बडबड वाटते. पेत्र मात्र धावत जाऊन पाहतो. दुसऱ्या शतकात सेल्सस या टीकाकाराने पुनरुत्थानाची खिल्ली उडवली तीही एका भ्रमिष्ट बाईची साक्ष म्हणून. ख्रिस्ती श्रद्धेचा मध्यबिंदू ज्या घटनेवर आहे, तिच्या पहिल्या साक्षीदार बायका होत्या. इस्लाममध्ये पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्या नावावर २२१० हदीस सांगितल्या जातात आणि हदीसशास्त्राने स्त्रीचं कथन ती स्त्री आहे म्हणून नाकारलं नाही. स्मरण पक्कं आहे का, आचरण विश्वसनीय आहे का, हे पाहिलं. वात्स्यायनाच्या कसोटीचीच ही बहीण म्हणावी लागेल.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. बाई म्हणते म्हणून खरं मानायचं, ही तर जुनीच चूक उलटी फिरवल्यासारखी झाली. आक्षेप रास्त आहे, आणि आप्ताची व्याख्या त्यालाही पुरते. ती कुणालाही फुकट विश्वास देत नाही. मलबार हिलच्या घरात परवीन तिन्ही विधवांना वेगवेगळं भेटते, कारण प्रत्येकीजवळ झाकण्यासारखं काहीतरी आहे. पडद्याआड असणं हे खरेपणाचं प्रमाणपत्र नव्हे, हे तिला वकील म्हणून कळतं.

व्याख्येची दुसरी धार ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’मध्ये (१९२६) दिसते. ही कादंबरी ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. गोष्ट सांगणारा गावचा डॉक्टर आहे. सभ्य, शिकलेला, सगळ्यांच्या घरी येणंजाणं असलेला. त्याची बहीण कॅरोलाइन चौकशा करते, बातम्या गोळा करते, आणि वाचक डॉक्टरबरोबर तिला हसतो. खुनी डॉक्टरच निघतो. त्याला सर्व काही ठाऊक होतं, फक्त जसं आहे तसं सांगायची इच्छा नव्हती. वाचकाने प्रतिष्ठेला आप्तत्व समजण्याची चूक केलेली असते. मिस मार्पल कदाचित या कॅरोलाइनमधूनच उगवली असेल, असं ख्रिस्तीने पुढे आत्मचरित्रात लिहिलं.

अशी पुस्तकं खोटा दिलासा देतात, असंही म्हणतात. पुस्तकात शेवटच्या प्रकरणात सगळे बाईचं ऐकतात, जगात ऐकत नाहीत. १८७२ च्या पुरावा कायद्याने साक्षीदाराच्या पात्रतेत स्त्री-पुरुष भेद ठेवला नव्हता, तरी वजन करणारे हात जुनेच राहिले. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून तिचा शब्द पुरला नाही. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभर आंदोलन झालं. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणच्या अत्याचारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरावं, असं कलम आलं. तक्रार करणाऱ्या स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष खोडायची मुभा तर थेट २००३ साली गेली.

मॅसी यांची कादंबरी हे विसरत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. खून उलगडणाऱ्या परवीनचं स्वतःचं लग्न कलकत्त्यात मोडलं आहे. सासरी तिला पाळीच्या दिवसांत एका कोंदट खोलीत एकटं ठेवत. नवऱ्याबद्दलचं सत्य तिला ठाऊक आहे, ती ते समाजाच्या न्यायालयापुढे मांडते, आणि १८६५ च्या पारशी विवाह कायद्याच्या चौकटीत तिला घटस्फोट मिळत नाही, विभक्त राहण्यापुरती सुटका मिळते. पारशी विवाह आणि घटस्फोटाचा नवा कायदा यायला १९३६ साल उजाडलं.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्या भाषेत अशी ऐतिहासिक कादंबरी लिहायची, तर शोधक बाईसाठी दूर जायला नको. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याच्या एखाद्या वाड्यात आलवण नेसलेली, केशवपन केलेली काकू किंवा आत्या असेच. सोवळ्यातला स्वयंपाक तिच्या हातचा, म्हणून कुणी काय खाल्लं, कोण पंगतीतून लवकर उठलं, कुठल्या भांड्याला वेगळा वास होता, हे तिला माहीत. समारंभात तिचं तोंड बघायला नको, म्हणून तिच्यासमोर काय बोलावं याचं भानही कुणी ठेवत नाही. फौजदार वाड्यावर येईल तेव्हा तो ओसरीवर बसलेल्या पुरुषांचे जबाब घेईल. त्याला माजघरापर्यंत नेणारं कुणी घरात आहे का, आणि तिने सांगितलेलं तो कागदावर उतरवून घेतो का, यावर त्या कादंबरीचं कथानक बेतावं लागेल.