विक्रीवरचा वाटा, नफ्यावरचा वाटा

मे २०२४ मध्ये नेस्ले इंडियाच्या भागधारकांनी एक ठराव फेटाळला. स्वित्झर्लंडमधल्या मूळ कंपनीला निव्वळ विक्रीच्या ४.५ टक्के रॉयल्टी जात होती. ती दरवर्षी थोडी थोडी वाढवत पाच वर्षांत ५.२५ टक्क्यांवर न्यायची, असा तो ठराव. मूळ कंपनीच्या हाती ६२.७६ टक्के भाग, म्हणजे कंपनी तिचीच. पण व्यवहारही तिच्याशीच असल्यामुळे या ठरावापुरती तिची मतं बाजूला राहिली. उरलेल्यांची सुमारे ५७ टक्के मतं विरोधात पडली आणि पुढे संचालक मंडळाने साडेचार टक्केच चालू ठेवायचं ठरवलं.

पाऊण टक्क्यावरून एवढं का ताणायचं? हिशेब मांडला की कळतं. शंभर रुपये रॉयल्टी म्हणून गेले, तर ते सगळे मूळ कंपनीचे. तेच शंभर रुपये नफ्यात राहिले, तर साधारण पंचवीस रुपये कंपनीकरात जातात. उरलेले पंचाहत्तर लाभांश म्हणून वाटले, तर मूळ कंपनीला मिळतात सत्तेचाळीस आणि बाकीच्या भागधारकांना अठ्ठावीस. (परदेशी पैसे पाठवताना आणखी कर कापला जातो, पण तो दोन्ही वाटांवर.) एकाच हातात दोन्ही हक्क असले, की कुठल्या वाटेने पैसे न्यावेसे वाटतील हे उघड आहे. वर्षाला वीस हजार कोटींची विक्री धरली, तर पाऊण टक्का म्हणजे दीडशे कोटी.

रॉयल्टी पहिल्या पंगतीला जेवते, लाभांश शेवटच्या. कच्चा माल, पगार, व्याज, कर हे सगळं भागून काही उरलं तरच भागधारकाला मिळतं. रॉयल्टी मात्र विक्रीवर मोजली जाते. नफा झाला की तोटा, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

जून २०१५ मध्ये शिशाच्या प्रमाणावरून नेस्ले इंडियाच्या मॅगी नूडल्सवर बंदी आली, माल बाजारातून परत घेऊन नष्ट करावा लागला, आणि त्या तिमाहीत कंपनीला ६४ कोटींवर तोटा झाला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला. पण मधल्या काळात समभागाची किंमत ढासळली, आणि तो फटका मूळ कंपनीलाही बसला, कारण सर्वात मोठी भागधारक तीच. नुसता परवाना देऊन रॉयल्टी घेणाऱ्याचं उत्पन्न अशा वेळी विक्रीबरोबर घटतं खरं, पण तोट्यात त्याला वाटा उचलावा लागत नाही.

म्हणून रॉयल्टी म्हणजे लूट, असं म्हणणं अन्यायाचं होईल. मारुतीचं उदाहरण घ्या. १९८२ मध्ये सुझुकी आली ती २६ टक्के भागांची धाकटी भागीदार म्हणून, तेही भारतात छोट्या गाड्यांना गिऱ्हाईक किती मिळेल याची खात्री नसताना. इंजिन, आराखडे, कारखाना चालवण्याची शिस्त हे सगळं तिच्याकडून आलं. त्याचा मोबदला मागणं रास्तच. प्रश्न उभा राहिला तो पुढे, तिची मालकी निम्म्यावर गेल्यावर. रॉयल्टी येनशी बांधलेली असल्याने येन वधारला की बोजा वाढायचा. अखेर २०१८ च्या सुमारास नव्या गाड्यांपासून ती रुपयात मोजायचं ठरलं.

हिंदुस्थान युनिलिव्हरनेही जानेवारी २०२३ मध्ये रॉयल्टी आणि केंद्रीय सेवा मिळून मूळ कंपनीला द्यायचा दर उलाढालीच्या २.६५ वरून ३.४५ टक्क्यांवर टप्प्याटप्प्याने नेण्याचं जाहीर केलं. त्यामागे संशोधन आणि ब्रँड असतात हे मान्य. पण त्यांचं मोल किती, हे घेणारा आणि देणारा एकाच घरातले असताना ठरवायचं कुणी?

सेबीच्या २०१९ पासूनच्या नियमानुसार रॉयल्टी उलाढालीच्या ५ टक्क्यांपलीकडे जाणार असेल, तर भागधारकांची मंजुरी लागते आणि संबंधित पक्षाला ठरावाच्या बाजूने मत देता येत नाही. नियम चांगला आहे, पण पुरेसा नाही. पाच टक्क्यांच्या आतसुद्धा कोणत्या ब्रँडसाठी किती, कोणत्या तंत्रज्ञानासाठी किती, आणि ते तंत्र जुनं झाल्यावर दर उतरणार का, याचा तपशील वार्षिक अहवालात सक्तीने यायला हवा. पुष्कळ लहान गुंतवणूकदार अहवालात लाभांशाचा आकडा तेवढा बघतात. रॉयल्टी मात्र खर्चाच्या टिपांमध्ये असते. वाचायला सुरुवात तिथून करावी.